डिसेंबरच्या सकाळी गॅसवरची लॉन मोवर बंद का पडते, सिलिंडर निम्मा भरलेला असताना?

तुळशीचं लग्न आटोपलं की माझा फोन वाजायला लागतो. वेळ ठरलेली, सकाळी सात ते नऊ. वाक्यही ठरलेलं: "भाऊ, मशीन बंद पडून राहिली. गॅस आहे, काटा दाखवून राहिला, पण चालूनच नाही राहिली."

नागपूरबाहेरच्यांसाठी आधी सांगतो. आमच्याकडे कुणी "लॉन" म्हटलं की गवत डोळ्यापुढे येत नाही, लग्न येतं. वर्धा रोड, काटोल रोड, कोराडी रोड, कुठेही जा, दोन-तीन एकराची मोकळी हिरवळ, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. हिवाळ्यात मुहूर्त लागोपाठ असतात. रात्री बाराला वरात संपते, पहाटे मंडपवाला सामान उचलतो आणि अकराला दुसरा मंडपवाला येतो. मधल्या चार तासांत गवत कापायचं असतं. म्हणून एका लॉनमालकाने बसून चालवायची, जागच्या जागी वळणारी परदेशी झिरो-टर्न मशीन जुन्यात घेतली, प्रोपेन गॅसवर चालणारी. नंतर आणखी दोघांनी घेतली. तिन्ही माझ्याकडे आल्या, कारण मी हिंगणा एमआयडीसीत गॅसवरच्या फोर्कलिफ्ट दुरुस्त करतो आणि गॅसच्या इंजिनाला हात लावायला दुसरा कुणी तयार नव्हता.

लक्षण नेमकं काय, ते पाहा. सकाळी मशीन एका झटक्यात सुरू होते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं झकास. मग दाट गवतात शिरली की इंजिन दम टाकतं, पात्यांचा आवाज खाली येतो, आणि विझते. पंधरा मिनिटं थांबलं की परत सुरू होते, पाच-सात मिनिटं चालते, परत बंद. कंटाळून ठेवून दिली आणि दुपारी दोनला काढली, तर तोच सिलिंडर, तीच मशीन, काही तक्रार नाही. मे महिन्यात तर हा प्रकार कधीच नाही.

ही दुपारची खूण महत्त्वाची आहे. तुमची मशीन दुपारीही तशीच मरत असेल, तर पुढचा बराच भाग तुमच्यासाठी नाही; ती कारणं खाली वेगळी दिली आहेत.

बंद पडल्या पडल्या पहिली गोष्ट करायची ती सिलिंडरला हात लावायची. काटा बघू नका, प्लग काढू नका. हाताचा मागचा भाग सिलिंडरच्या अंगावरून वरून खाली न्या. एका जागी थंडपणा एकदम बदलतो. वरचा भाग नुसता गार लागतो, खालचा बर्फासारखा. दव असेल तर ही रेघ डोळ्यांनाही दिसते, तिच्याखाली सिलिंडर घामेजलेला, कधी पांढरा झालेला. ती रेघ म्हणजे आतल्या द्रव गॅसची पातळी. रेघ निम्म्याच्या खाली आणि अंग बर्फगार असेल, तर निदान तिथेच झालं. गॅस संपलेला नाही, त्याची वाफ व्हायची थांबली आहे.

असं का होतं? या मशिनी वाफ ओढणाऱ्या असतात. सिलिंडरच्या वरच्या रिकाम्या जागेतली वाफ रेग्युलेटरमधून इंजिनात जाते आणि तिची जागा भरायला खालचा द्रव उकळतो. उकळायला उष्णता लागते. मी एकदा काट्यावर वजन करून पाहिलं होतं, ही मशीन दाट गवतात तासाला साधारण ३ किलो गॅस खाते. ३ किलो द्रव प्रोपेनची वाफ करायला जी उष्णता लागते, तेवढ्यात तीन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. ही उष्णता देणार कोण? सिलिंडरखाली चूल नाही. द्रव ती स्वतःच्या अंगातून काढतो आणि गार पडत जातो, थोडीफार बाहेरच्या हवेतून पत्र्यावाटे मिळते. भरलेल्या सिलिंडरात द्रव जास्त, म्हणून तो सावकाश गार होतो, आणि हवेकडून उष्णता घेणारा ओला पत्राही जास्त. पाव सिलिंडर उरला की दोन्ही बाजूंनी मार, द्रव थोडा आणि पत्राही थोडा. म्हणून सोमवारी भरलेल्या सिलिंडरवर तासभर चालणारी मशीन गुरुवारी पंधरा मिनिटांत मान टाकते.

एवढ्यावर भागलं असतं, कारण शुद्ध प्रोपेन भलताच काटक असतो. तो उणे ४२ अंशाला उकळतो. बाहेर १० अंश असताना त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साडेपाच बारच्या आसपास जास्त असतो (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब), आणि सिलिंडर शून्याखाली गेला तरी रेग्युलेटरचं काम भागेल इतका दाब उरतो. पण आपल्याकडे सिलिंडरात येतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. ब्युटेन उकळतो उणे अर्ध्या अंशाला. १० अंशाला त्याचा दाब जेमतेम अर्धा बार, आणि शून्याला जवळजवळ काहीच नाही. वाफ ओढणाऱ्या मशिनीत आधी निघून जातो तो हलका प्रोपेन. मागे उरतो ब्युटेनचा भरणा. सिलिंडर वजनाला सात किलो भरतो, काटा निम्म्यावर असतो, पण त्या सात किलोंत सकाळच्या थंडीत उठून काम करणारा गडी फारसा उरलेला नसतो.

नागपूरला लोक उन्हाचं शहर समजतात. इथे डिसेंबर-जानेवारीत पारा ८-९ अंशांवर येणं नवलाचं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला तर तो ३.५ पर्यंत उतरला होता. अमेरिकेतल्या मशिनीच्या पुस्तकात ही अडचण ठळक दिलेली नसते, कारण तिथे या मशिनींना मुख्यतः प्रोपेनच मिळतो. मशीन तिकडची, गॅस इकडचा आणि सकाळ डिसेंबरची, असं तिघांचं जमतं तेव्हा ही तक्रार जन्माला येते.

आता यावर लोक काय उपाय करतात, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी आत्ताच पातेलं चुलीवर ठेवलं असेल.

तर्री पोह्यांच्या कुठल्याही ठेल्यावर हिवाळ्यात सकाळी बघा. निळा सिलिंडर घमेल्यात उभा असतो आणि घमेल्यात गरम पाणी असतं. ठेलेवाल्याला वर सांगितलेलं शास्त्र बरोबर कळलेलं आहे, फक्त उपाय जिवावरचा आहे. एका लॉनवर मी पोचलो तेव्हा मशीन चालवणाऱ्या पोट्ट्याने स्वयंपाकघरातून वाफाळतं पाणी आणून सिलिंडरवर ओतायला घेतलं होतं. दोन हात अंतरावर दुधाची भट्टी पेटलेली. मी ओरडलो तर म्हणतो, "ठेलेवाला तं रोज करते भाऊ, त्याले काय झालं?" ८० अंशाच्या पाण्याइतका गॅस तापला तर प्रोपेनचा दाब ३० बारच्या वर जातो. मशिनीच्या सिलिंडरचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या आधीच उघडतो, आणि तो उघडला म्हणजे शेजारच्या भट्टीच्या दिशेने गॅसचा फवारा. वर द्रव तापून फुगतो तो वेगळाच. सिलिंडर काठोकाठ न भरता साधारण ८०-८५ टक्केच भरतात, ते याच फुगण्यासाठी. हेअर ड्रायर, हॅलोजन, पेटता बोळा, इंजिनाच्या धुराड्याजवळ सरकवणं, ही सगळी त्याच पाण्याची भावंडं.

दुसरा उपाय याहून कपटी, कारण तो चालतो. उभा सिलिंडर आडवा करायचा किंवा हलवायचा. मशीन लगेच जोरात पळते. पळते कारण आता वाफेऐवजी द्रव बाहेर पडतोय. द्रव प्रोपेनची वाफ झाली की ती साधारण २७० पट जागा मागते. ती जागा रेग्युलेटरच्या आत नसते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पहिल्या वर्षी मी स्वतः केलेलं आहे. फोर्कलिफ्टचा सिलिंडर आडवा बसतो आणि मुद्दाम द्रव देतो, कारण तिथे इंजिनाच्या गरम पाण्यावर तापणारा, द्रवाची वाफ करणारा व्हेपोरायझर असतो. मला वाटलं, गॅस तो गॅस. फोर्कलिफ्टचा सिलिंडर उचलला, जोड बसेना म्हणून अडॅप्टर लावला. जोड बसेना, हीच खरं तर सूचना होती. द्रवाच्या आणि वाफेच्या सिलिंडरचे जोड मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. दीड मिनिटात रेग्युलेटर पांढराशुभ्र झाला, पाइप लाकडासारखा ताठ, आणि हवेच्या फिल्टरमधून वास. पुढे कुणी तरी किल्ली फिरवली असती तर हे लिहायला मी नसतो. त्या दिवशी रेग्युलेटरचा पडदा फाटला, नवीन यायला तीन आठवडे लागले आणि मालकाने ते तीन आठवडे मला आठवणीत ठेवले. तो अडॅप्टर मी ग्राइंडरने कापून टाकला.

तर मग करायचं काय?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेळ बदलणं. मशीन शेडच्या आतल्या ओल्या फरशीवरून आठ वाजता बाहेर काढा, हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात उभी करा आणि नऊ-साडेनऊला कापायला घ्या. तोवर दवही उडतं. ओलं गवत पात्यांना चिकटतं, झाकणाखाली लगदा साचतो, इंजिनावर ओझं वाढतं आणि गॅस जास्त ओढला जातो. म्हणजे दव आणि थंडी दोघी मिळून मारतात आणि दोन-अडीच तासांच्या उशिराने दोघी टळतात. मालक म्हणतात मंडपवाला अकराला येतो. येऊ द्या. साडेनऊला सुरू केलेली मशीन अकरापर्यंत दोन एकर काढते. सातला सुरू केलेली नऊ वेळा बंद पडून तेवढीच काढते.

दुसरं, हिवाळ्यात पाव उरलेला सिलिंडर सकाळी लावायचाच नाही. सकाळी भरलेला, आणि उरलेला दुपारच्या किरकोळ कामाला. यासाठी वजन माहीत हवं. सिलिंडरवरच्या काट्यावर विसंबू नका. तो पातळी दाखवतो, आत काय उरलंय ते दाखवत नाही. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या कॉलरवर, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीच्या कड्यावर, ठोकलेलं असतं. स्वयंपाकघरातला धान्याचा काटा कुठल्याही लॉनवर सापडतो. एकाने भिंतीवर खडूने तक्ता केला आहे: तारीख, सकाळचं वजन, दुपारचं वजन. मला फोनवर आता नुसता आकडा सांगतात.

तिसरं, पुरवठादाराला स्पष्ट विचारा की सिलिंडरात मिश्रण आहे की प्रोपेन. औद्योगिक कामासाठी प्रोपेन मिळतो. महाग पडतो, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच लागतो. एका लॉनवर आम्ही हेच केलं आणि तिथली सकाळची तक्रार त्याच आठवड्यात संपली. दुसऱ्या मशिनीवर मूळ कंपनीचीच दोन सिलिंडरांची बैठक होती. तिथे दोघांवरून एकत्र वाफ ओढली की प्रत्येकावरचा ताण निम्मा होतो. बैठक आणि जोडणी कंपनीची नसेल तर टी लावून घरी हा प्रयोग करू नका.

आणि पाती. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, ओरबाडलं जातं, आणि त्यासाठी इंजिन जास्त गॅस खातं. लग्नाच्या लॉनवर पाती लवकर बोथट होतात. गवतात खिळे, बांधायची तार, लायटिंगच्या माळेचे तुकडे, काय वाट्टेल ते सापडतं. कापण्याआधी एक माणूस लोहचुंबकाची पट्टी ओढत फिरवायचा. पहिल्याच दिवशी निघालेले खिळे एका डालडाच्या डब्यात मावले नव्हते.

ज्यांची मशीन दुपारीही बंद पडते, त्यांच्यासाठी आता.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला आणि इंजिन सुरूच झालं नाही, किंवा सुरू होऊन लगेच विझलं, तर बहुधा तुम्ही व्हॉल्व्ह झटक्यात उघडला आहे. आत जास्तीचा प्रवाह अडवणारी एक झडप असते. पाइप तुटला तर गॅसचा लोंढा थांबावा म्हणून ती आहे. रिकाम्या पाइपात गॅस एकदम घुसला की तिला वाटतं पाइपच तुटला, ती बसते आणि मग थेंब थेंब गॅस सोडते. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, मिनिटभर थांबा, बारीक टक असा आवाज येतो, मग अगदी सावकाश उघडा. पोट्ट्यांना मी सांगतो, नवरीच्या घरचं दार उघडतोय असं समजून उघड.

इंजिनाच्या ओढीवर उघडणारा गॅस लॉक (इंजिन थांबलं की गॅस अडवणारी झडप) असतो, त्याला जाणारी बोटाएवढी रबरी नळी नागपूरच्या उन्हाळ्यात दोन वर्षांत तडकते. तडा बारीक असतो, नळी वाकवली तरच दिसतो. इंजिन हलतं तसा तो उघडतो-मिटतो, म्हणून मशीन मनाला येईल तेव्हा मरते. नळी बदला, टेप लावून दिवस काढू नका. रेग्युलेटरच्या तळाशी काळपट तेलकट घाण साचते, ती काढायला खाली स्क्रू असतो. सिलिंडर बंद करून, पाइपातला गॅस संपवून, मोकळ्या जागेत, इंजिन कोमट असताना ती सोडायची. हवेचा फिल्टर उन्हाळ्यात रोज झटका. प्लगचं अंतर पुस्तकात दिलंय तेच ठेवा, पेट्रोलच्या सवयीने वाढवू नका. गॅस पेटवायला ठिणगी दमदार लागते.

सीटखाली स्विच असतो. पाती फिरत असताना चालवणारा उठला तर इंजिन बंद पडलंच पाहिजे. जमीन खडबडीत असेल आणि माणूस किरकोळ अंगाचा असेल, तर उसळीने स्विच सुटतो आणि मशीन आचका देते. एका लॉनवर हा स्विच वायर जोडून कायमचा चालू करून ठेवलेला सापडला. कुणी केलं ते कुणालाच माहीत नव्हतं, नेहमीसारखं. मी वायर तोडली आणि नवीन स्प्रिंग टाकली. पाती फिरताना माणूस खाली पडला तर त्याला वाचवणारं दुसरं काही त्या मशिनीवर नाही.

गॅसवरच्या इंजिनाचं तेल काळं पडत नाही. सहा महिन्यांनी काढलं तरी मधासारखं दिसतं. दिसण्यावर जाऊ नका, तासांच्या मीटरवर बदला. मी दोन इंजिनं या चकचकीत तेलात खराब झालेली पाहिली आहेत.

आता सिलिंडर बसवण्याबद्दल. बाकी सगळ्या तक्रारी पैशाच्या असतात, ही एक जिवाची असते.

घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर मशिनीवर लावायचा नाही. घरगुती गॅस दुसऱ्या कामाला वापरणं बेकायदा आहेच, शिवाय तो सिलिंडर धक्के खाणाऱ्या मशिनीसाठी बनवलेलाच नाही. मशिनीसोबत आलेल्या परदेशी अॅल्युमिनियमच्या सिलिंडरांचा मोह सगळ्यांना होतो, दिसायला देखणे आणि वजनाला हलके. पण गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे भारतात मान्यता मिळालेलेच सिलिंडर भरता येतात. ती मान्यता देणाऱ्या पेसो या, पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. १८९८ पासून चालत आलेलं हे खातं. तेव्हा निदान आपण तरी "कोणाले विचाराव?" म्हणू नये. पुरवठादाराकडून मान्यतेचा कागद आणि सिलिंडरच्या चाचणीची तारीख मागा. ऑटो एलपीजीच्या पंपावर सुटा सिलिंडर नेऊन भरून घेणं, किंवा मोठ्यातून छोट्यात उलटून घेणं, दोन्ही नको. नागपुरातली असली भरणी कुठल्या गल्लीत होते, हे मला नका विचारू.

सिलिंडर बदलताना मशीन मोकळ्या जागेत, आणि जोड सोडायच्या वेळी इंजिन बंद आणि गार. आसपास भट्टी नाही, विडी नाही, मोबाइलवर बोलणं नंतर. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, वास वर येण्याची वाट बघू नका. तो जमिनीवरून पाण्यासारखा वाहत जाऊन नालीत, स्टेजखालच्या गोदामात, पाण्याच्या टाकीच्या खड्ड्यात बसतो. हवेत दोन टक्के मिसळला तरी पेट घ्यायला पुरतो. सिलिंडर बदलायचा तो नालीच्या झाकणापासून लांब.

जुन्याचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा आणि इंजिन चालू ठेवून पाइपातला गॅस संपू द्यायचा. ते आपोआप विझलं की किल्ली बंद. रोज काम संपवतानाही हेच करायचं. हातमोजे घाला, उरलेला द्रव हाताला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. गॅसच्या जोडांना बहुतेक उलटे आटे असतात. ज्या बाजूला नळ सैल होतो त्या बाजूला हा आवळतो, म्हणून जोर लावण्याआधी विचार करा. रबरी वॉशर बोटाने चाचपा. चपटा किंवा चिरलेला असेल तर नवीन.

मुळातच आडवा बसवायचा सिलिंडर असेल तर त्याच्या कॉलरला एक भोक असतं आणि मशीनवर त्या मापाची खुंटी. भोक खुंटीवरच बसलं पाहिजे. नुसतं सौंदर्य म्हणून ते दिलेलं नाही. सिलिंडर थोडा जरी फिरला तरी आतली वाफेची नळी द्रवात बुडते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वरच्या बाजूला राहत नाही. तो उघडायची वेळ आली तर वाफेऐवजी द्रव उसळतो. एक चालवणारा खुंटी आडवी येते म्हणून हातोड्याने वाकवून मोकळा झाला होता. वर मला म्हणतो, "आता कसाही बसते भाऊ."

पट्टे आवळले की व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि साबणाचं पाणी घ्या. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात पुरेसं फेसाळेल इतकं, जुन्या ब्रशने प्रत्येक जोडावर. सुरुवातीला काही दिसत नाही. अर्धं मिनिट टक लावून बघा, मग मोहरीएवढा एक बुडबुडा फुगतो, मग त्याच्या शेजारी दुसरा. गळती मोठी असेल तर फेस भराभर येतो. खरी फसवते ती मोहरी. बुडबुडा दिसला की व्हॉल्व्ह बंद, जोड उघडून वॉशर बघा. जोड नुसता आणखी आवळून पुढे जाऊ नका. काडी पेटवून बघणारे अजून आहेत म्हणून लिहितो: काडी नाही.

गळती थांबतच नसेल तर व्हॉल्व्ह बंद, माणसं वारा जिकडून येतो तिकडे लांब, आसपासच्या विजेच्या बटणाला हात नाही, ना चालू करायला ना बंद करायला. गॅस गळतीसाठी १९०६, आग असेल तर १०१. सुट्टे सिलिंडर उभे, बाहेर, जाळीच्या सावलीत ठेवा. मे महिन्यात ४५ अंशाला आत प्रोपेन असेल तर १४ बारच्या आसपास दाब असतो, तेव्हा पत्र्याच्या बंद खोलीत ते कोंडू नयेत. आणि प्रोपेनचा धूर स्वच्छ दिसतो म्हणून बंद शेडमध्ये मशीन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड त्यातही असतो, आणि त्याला वास नसतो.

चालवण्याचं थोडक्यात. रोल बार (सीटमागची लोखंडी कमान) उभा असेल तर पट्टा बांधा, दुमडलेला असेल तर बांधू नका. उलटली तर सुटून बाजूला होता आलं पाहिजे. नाल्याच्या काठाची उतरती पट्टी मशिनीने कापायची नाही, ती हाताने. झिरो-टर्न ओल्या उतारावर घसरली की तिला थांबवायला ब्रेकही पुरत नाही. वऱ्हाडी मंडळींची पोरं मशीन बघायला धावत येतात. ती दिसली की आधी पाती बंद.

एक मशीन मात्र माझ्याकडे अजून अडलेली आहे. काटोल रोडची. प्रोपेनवर आहे, वजन बरोबर, सिलिंडर कोमट, तरी दुपारी तीनच्या सुमाराला दोन आचके देते आणि मग पुढे तासभर काही नाही. नळी बदलली, लॉक साफ केला, सीटचा स्विच तपासला. आता संशय रेग्युलेटरच्या पडद्यावर आहे. तापल्यावर तो नीट मिटत नसावा. सुटा भाग मागवला आहे. तोवर तिथल्या पोट्ट्याला सांगितलंय की आचका आला की घड्याळ बघ आणि तक्त्यात वेळ लिही. त्याने गेल्या आठवड्यात चार वेळा लिहिल्या आहेत, चारही तीन ते साडेतीनच्या मधल्या.